मुंगीची चाल

माझ्या आईने लहानपणी माझ्या तोंडावरून कधी हात फिरवला नाही. माया नव्हती असं नाही. ती कळमन्याच्या मार्केट यार्डात मिरचीचे देठ तोडायला जायची. दिवसभर लाल मिरचीच्या ढिगात बसलेल्या बाईचे हात कितीही धुतले तरी बोटांच्या पेरांत तिखट राहतंच. मी तीन-चार वर्षांची असताना तिने एकदा माझ्या डोळ्यांत काजळ घातलं, तर मी संध्याकाळपर्यंत डोळे उघडले नाहीत म्हणे. तेव्हापासून माझी वेणीफणी शेजारच्या मावशीकडे.

बाबा त्याच यार्डात हमाल होते. तुरीचे, हरभऱ्याचे, मिरचीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, पाठीवर घ्यायचे, गाडीतून थप्पीवर, थप्पीवरून गाडीत. आवक जोरात असली की बाबांना बोलायला दम उरायचा नाही, आणि आवक नसली की आमच्या डब्यात पीठ नसायचं. दोन खोल्या, वर टिनं. उन्हाळ्यात कूलर शेजाऱ्यांकडे चालायचा, त्याचा आवाज तेवढा आमच्याकडे यायचा.

त्या घरात वाचता येणारी मी एकटी. लाइटबिल, रेशनचा कागद, लग्नपत्रिका, औषधाच्या पाकिटावरची अक्षरं, मोबाइलवर आलेला मेसेज, सगळं माझ्याकडे यायचं. "वाचून दाखव वं बाई," एवढं म्हणून बाबा समोर मांडी घालून बसायचे. मी वाचलं की ते खरं. यार्डात कुणाशी वाद झाला तर ते सांगत, माह्या पोट्टीनं वाचलं हाय, कॉलेजात जाते ते. बाबांच्या आणि आईच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजचं फाटक ओलांडणारी मी पहिली. मला याचा गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू. पण आज लिहायला बसले आहे ते त्या वाचण्याबद्दलच, आणि त्यात गर्व करावं असं काही नाही.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबांची पाठ दुखू लागली. हमालाची पाठ दुखणं ही काही बातमी नाही. मलम झालं, पट्टा झाला, पाठीवर विटेचा शेक झाला. मग त्यांच्या जोडीचा एक हमाल त्यांना रविवारी सकाळी एका साधनेच्या वर्गाला घेऊन गेला. एका लेआउटमधल्या घराचा वरचा हॉल होता. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे शिकवायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. भगवे कपडे नाहीत, फी नाही. खाली सतरंज्या आणि भिंतीवर एक मोठं चित्र: बसलेला माणूस, त्याच्या पाठीच्या कण्यावर सात कमळं, आणि अगदी तळाशी साडेतीन वेटोळे घालून झोपलेली नागीण. जोडीदार दोन रविवारांत कंटाळला. म्हणाला, डोळे मिटून बसायचं तर घरी झोपलेलं काय वाईट. बाबा मात्र जात राहिले.

घरी येऊन ते आईला सांगायचे की माह्या पाठीत सात टेशनं हाय म्हणते. आई म्हणायची, मंग गाडी कोणत्या टेशनावर अडली ते पाहा, घासलेट नाही घरात.

तिथून त्यांनी एक पातळ पुस्तिका आणली. ती अर्थातच माझ्याकडे आली. मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपूरला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा, आज्ञाचक्राला दोन, आणि वर टाळूला हजार पाकळ्यांचं कमळ. प्रत्येकाचा रंग, प्रत्येकाचं बीज, म्हणजे जपायचं एक अक्षर. मी वाचायचे आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. चार दिवसांत त्यांना सगळं पाठ झालं. परीक्षेसाठी मला एवढंच पाठ करायला पंधरा दिवस लागले असते. त्यांनी ते आपल्या अंगावर नीट बसवूनही घेतलं. कट्टा पाठीवर टेकते ते मणिपूर, चढावर दम तुटते ते अनाहत, ओझ्याने मान अवघडते ते विशुद्ध. तीस वर्षं त्या पाठीवर लोकांनी माल ठेवला होता. त्या पाठीच्या आतही काही आहे, असं त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

रोज सकाळी यार्डात जायच्या आधी ते देवाच्या फळीसमोर बसायचे. मूलाधाराचं 'लं' झालं की स्वाधिष्ठानाचं 'वं' यायचं. आमच्याकडे बाईमाणसाला हाक मारतात ती 'वं' म्हणूनच. बाबा डोळे मिटून लांबलचक 'वं' म्हणायचे आणि चुलीपासून आई ओ द्यायची, "ऐकून राहिली नं, बोला." बाबा पुन्हा 'वं'. आई पुन्हा, "अहो सांगा नं काय पाहिजे ते, हात गुंतले माहे." आम्ही किती हसलो त्यावर. बाबाही हसले, पण डोळे उघडले नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी तंबाखूचा खर्रा सोडला. जे आईला वीस वर्षांत भांडून जमलं नव्हतं, ते त्या चित्राने केलं. तेव्हापासून आईने टेशनांची थट्टा बंद केली.

मग मुंग्या आल्या.

परीक्षा जवळ आली होती, मी दारात वाचत बसले होते. बाबा साधनेवरून उठले आणि म्हणाले की कमरेतून वर मुंग्या येऊन राहिल्या, एका रांगेनं. पाय अवघडला की मुंग्या येतात हे आपल्याकडे लेकरालाही माहीत असतं. मी तेच म्हणायला हवं होतं. पण मला पुस्तिकेतलं एक पान आठवलं. शक्ती वर चढते तेव्हा तिची चाल वेगवेगळी असते, असं त्यात होतं. कुणात बेडकासारखी उडी, कुणात सापासारखी वळवळ, कुणात पाखरासारखी झेप, आणि कुणात मुंग्यांसारखी, हळूहळू, रांगेनं वर. मी पुस्तिका काढून ते वाचून दाखवलं. त्यांनी तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी मी ते भाषणाच्या स्पर्धेत म्हणतात तसं, थांबे घेत, आवाज चढवत वाचलं. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढच्या रविवारी बाबांनी ते तिथे सांगितलं. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता. तिथे येणारे लोक बँकेतून निवृत्त झालेले, प्राध्यापक, एका डॉक्टरची बायको. ध्यान संपल्यावर त्या सगळ्यांनी बाबांना पुढच्या रांगेत बसवलं, कसं वाटतं, कुठून सुरू होतं ते विचारलं. कुणी म्हणालं, आम्ही दहा वर्षं बसतो, आम्हाला काही नाही, तुम्ही भाग्यवान. बाबांनी आईला एवढंच सांगितलं:

"मले तुम्ही म्हणून राहिले वं ते."

यार्डात बाबांना कुणी 'तुम्ही' म्हणत नव्हतं. 'अबे' म्हणत, 'ए हमाल' म्हणत, घाई असली की नुसती शिट्टी.

त्यानंतरचे चार महिने मला सगळ्यात जास्त छळतात. जे जे झालं ते ते पुस्तिकेत सापडत गेलं. संध्याकाळी बाबांचं अंग तापायचं. पुस्तिकेत साधकाच्या अंगी उष्णता वाढते असं होतं. भूक गेली, आहार आपोआप कमी होतो, असंही होतं. गाल बसले, तर आई म्हणाली तेज आलं. ते पाटावर बसले आणि चवडा जमिनीला टेकला की पाय आपला आपण थडथड हलायचा, हाताने दाबून धरावा लागायचा. त्याला 'क्रिया' हा शब्द होता. मी मोबाइलवरही शोधलं. शोधताना शब्द टाकले ते कुंडलिनीचे, म्हणून उत्तरंही तिचीच आली. हिंदीतून किती जण सांगत होते, घाबरू नका, होऊ द्या. माणसाचा पाय असा हलतो तर त्याला काय झालं असेल, हे मी एकदाही शोधलं नाही.

आणि शेवटचं पान. पुस्तिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात साधकांसाठी सूचना होत्या. चप्पल बाहेर काढावी, मोबाइल बंद ठेवावा, पोट रिकामं असावं. त्यांच्याच खाली आणखी एक होती. आसनावरून उठल्यावरही, चालता-फिरता, कामात असताना मुंग्या किंवा बधिरपणा राहत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर ती साधना समजू नये, आधी डॉक्टरला दाखवावं. मी ते मनात वाचलं. बाबांनी विचारलं, मांगच्या पानावर काय हाय. मी म्हणाले, काही नाही, नियम आहेत, चप्पल बाहेर काढा, मोबाइल बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. ते कारण खरं आहे. पण बाबा पुढच्या रांगेत बसत होते आणि मला त्यांना तिथून उठवायचं नव्हतं, हेही खरं आहे. यातलं कोणतं कारण मोठं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

यार्डात त्यांच्या हातून माल सुटू लागला. पाठीवर कट्टा घेतला की गुडघे वाकायचे. मग त्यांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं, ते बायकांचं काम म्हणून जोडीदार चिडवायचे. मग तेही सुटलं. बाबांना त्याचं फार वाटत नव्हतं. ते म्हणत, शक्ती वर जाऊन राहिली, आता आंगात ओझ्याचं बळ राहत नाही.

पहिल्यांदा खटकलं ते आईला. बाबा किराणा दुकानातून घरी आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत निघाली होती, त्यांना पत्ताच नव्हता, आणि पाऊल दगडाने कापलं होतं. "हे कायची शक्ती वं," आई मला म्हणाली, "चप्पल गेली तं समजत नाही?"

दोन-तीन दिवसांनी ती दिवेलागणीला कामावरून आली. बाबा भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते. त्यांच्या टाचांना खोल भेगा होत्या, रक्त येईल अशा. ती थकलेली होती, हात न धुताच खाली बसली आणि त्यांचे पाय दाबू लागली. बोलता बोलता तिचा अंगठा भेगेत गेला. दिवसभर मिरचीत घातलेला अंगठा. माणूस किंचाळला असता. बाबा तसेच बसून होते, डोळे मिटलेले, तोंडावर समाधान. आईने हात थांबवला. मग मुद्दाम दुसऱ्या टाचेच्या भेगेत बोट घातलं, दाबलं, आणि त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"पोट्टे, तुह्या बाबाले समजून नाही राहिलं."

दवाखान्याचं नाव काढताच बाबांनी ऐकून घेतलं नाही. त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते मीच दिलेलं होतं. शक्ती वर चढली की खालचं अंग थंड पडतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, आता ऐन वेळी सुया टोचल्या तर सगळं खाली येईल. म्हणाले, तिथले शिकलेले लोक मला मानतात आणि घरात मला वेड्यात काढतात.

मी पुस्तिका काढली. मागचं पान उघडलं आणि ती सूचना वाचली, शब्दन् शब्द, बोट ठेवून. बाबांनी ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणाले, हे तू मनानं वाचून राहिली. इतक्या वेळा पुस्तक झालं, तेव्हा हे नव्हतं, आज कुठून आलं?

खरं वाचलं होतं आणि ते खोटं ठरत होतं. ते खरं ठरवायचा एकच रस्ता होता.

"तेव्हाही होतं बाबा. मी वाचलं नाही. सोडून दिलं."

बाबा कितीतरी वेळ पुस्तिकेकडे पाहत राहिले. त्या अक्षरांतलं एकही त्यांना ओळखता येत नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं,

"मंग आनखी काय काय सोडलं बाई, वाचाचं?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑटोत बसले. चढताना डावा पाय उचलला जात नव्हता, मी हाताने उचलून आत ठेवला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना पालथं झोपवून कण्यावर वरून खाली बोट दाबत आणलं, एका जागी बाबा दचकले. पायाचा चवडा वर दाबला, पाय थडथड हलला. फोटो, रक्त, मशीन, आणि निदान हाडाच्या टीबीचं. मणक्यात पू साचून आतली नस दाबली गेली होती. बाबांनी मला विचारलं, कोणत्या चक्रापाशी? मी डॉक्टरीण बाईंना विचारलं नाही. त्यांनी दाखवलेली जागा मला माहीत होती. मणिपूरच्या थोडं वर.

मी काकांच्या घरी भांडायला गेले. बराच वेळ बोलले. मग काका म्हणाले की त्यांनी मुंग्यांचं ऐकलं त्याच रविवारी बाबांना विचारलं होतं, चालताना होतं का, कामात होतं का. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, नाही, फक्त बसलं की होतं. नंतरही दोनदा विचारलं, तेच उत्तर. "पण मी त्यांच्या पायांकडे पाहायला हवं होतं. मी तोंडाकडे पाहत राहिलो," असं म्हणून ते उठले आणि आत गेले. भांडण तिथेच संपलं, कारण बाबा खोटं का बोलले ते मला कळत होतं. चालताना होतं म्हटलं असतं तर ते पुन्हा मागच्या रांगेत, दाराजवळ.

ऑपरेशन झालं. दीड वर्ष गोळ्या सांगितल्या, सात महिने कडक पट्टा. पहिले दोन महिने कूस बदलायलाही दोन माणसं लागायची. आई मिरचीवर जायची ती हात राखेने घासून मगच त्यांच्याजवळ यायची, तरी त्यांना पाठीवर झोंबायचं. झोंबलं म्हणून ते ओरडले की ती रडायची, बरं वाटून. पायाला मात्र काही झोंबत नव्हतं. मला तिसरं वर्ष सोडावं असं वाटत होतं. आई म्हणाली, सोडलं तं याद राख, आता एवढं एकच तं सरळ चालून राहिलं या घरात.

दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हाचा कागद मी वाचून दाखवला: कोणती गोळी केव्हा, काय उचलायचं नाही, पुन्हा केव्हा यायचं. बाबांनी ऐकून मान हलवली. मी बाटलीत पाणी भरायला गेले आणि परत आले तर ते तोच कागद पुढे करून सिस्टरला विचारत होते, हे सगळं वाचलं का पोट्टीनं, शेवटपर्यंत? सिस्टर हसून म्हणाली, काका, तुमची मुलगी तर शिकलेली आहे. बाबा म्हणाले, हो, म्हणून तं.

तेव्हापासून तसंच आहे. कागद आधी माझ्याकडे येतो, मग शेजारी जातो. बी. ए.चा निकाल लागला तेव्हा मी मोबाइलवर तो दाखवला, विषय वाचले, खालचं 'उत्तीर्ण' वाचलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने मोबाइल घेऊन हळूहळू वॉकरवर शेजारच्या मावशीच्या मुलाकडे गेले. मी दारातून पाहत होते. तो मुलगा वाचत होता आणि बाबा त्याच्या बोटाकडे पाहत होते, पानाच्या शेवटपर्यंत.

त्यांनी साधना सोडली नाही. सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, बीजं म्हणतात. त्या वर्गाला पुन्हा गेले नाहीत. काकांनी दोनदा बोलावणं पाठवलं. मी एकदा विचारलं की खरंच कधी काही जाणवलं होतं का, मुंग्यांच्या आधी. ते म्हणाले, जाणवलं होतं, पहिल्या महिन्यात, मुंग्या-फिंग्या काही नव्हत्या तेव्हा, नुसतं हलकं वाटलं होतं. पण ते पुस्तकात कुठं होतं का ते त्यांना माहीत नाही, आणि ते मला विचारावंसं त्यांना वाटलं नाही.

बाबांना आता ओझं उचलायचं नाही. डाव्या तळव्याला गरम-थंड अजून कळत नाही, म्हणून घरातही ते मागे पट्टा असलेली चप्पल घालतात आणि आंघोळीचं पाणी आई हात घालून पाहते. आई अजून मिरचीवर जाते. मी एका खासगी ऑफिसात कागदपत्रं लावायचं काम करते. बी. ए. आहे, सेकंड क्लास, आमच्या घरातली पहिली. गोळ्या संपल्या. वॉकर सुटला, मग काठी सुटली. बाबा घरापासून यार्डाच्या फाटकापर्यंत कुणाचाही हात न धरता चालत जातात आणि चालत परत येतात.